पट घटतोय, सरासरीही घटतेय, तरी वर्ग दाटीचे कसे? प्राथमिक शाळांचे जुने आकडे वाचण्याबद्दल

कोष्टकवाला (प्रश्न)

पहिली ते पाचवीच्या बऱ्याच शाळांचे पंधरा वर्षांचे आकडे एका कोष्टकात आणतोय. हाताशी आहे ते असं: शाळावार आणि इयत्तावार पट, प्रत्येक इयत्तेच्या तुकड्या किती, आणि शाळेतले शिक्षक किती. कोणत्या तुकडीत नेमकी किती मुलं हे फक्त शेवटच्या सहा वर्षांचं मिळालंय.

एकूण पट दरवर्षी थोडाथोडा उतरतोय. पट भागिले तुकड्या ही सरासरीही उतरून तिशीच्या खाली आलीय. पट भागिले शिक्षक काढलं तर आकडा आणखी खाली जातो. कागदावर सगळं आलबेल. पण शाळांकडून येणारी तक्रार नेमकी उलटी आहे, की वर्गात बसायला जागा नाही.

१. यातली कुठली सरासरी खरी धरायची?
२. मुलं कमी होत असताना वर्ग मोठा होऊ शकतो का, की तक्रारीच फुगवलेल्या आहेत?
३. पुढच्या पाच वर्षांचा अंदाज हवाय. एकूण पटावर एक्सेलची कलरेषा टाकली तर चालेल का?

सरासरीमोड

तिसऱ्याचं उत्तर एका शब्दात: नाही. त्यावर इथलं कुणीतरी सविस्तर लिहीलच. मी पहिलं घेतो.

तुमची सरासरी चुकलेली नाही, पण ती तुकडीच्या बाजूने मोजलेली आहे आणि तक्रार मुलाच्या बाजूने येतेय. सोपे आकडे घेऊ. दहा तुकड्या, पाचांत १२-१२ मुलं, पाचांत ४४-४४. एकूण २८०, सरासरी २८. आता मुलांना एकेक करून विचारा, तुझ्या वर्गात किती जण? २२० मुलं सांगतील ४४, साठ मुलं सांगतील १२. मुलांच्या उत्तरांची सरासरी ३७.१. दोन्ही आकडे बरोबरच आहेत, पण दर पाच मुलांतली जवळजवळ चार ४४ च्या वर्गात बसतात, ही गोष्ट २८ मधून कधीच दिसणार नाही.

काढायची रीत: प्रत्येक तुकडीच्या पटाला त्याच आकड्याने गुणा, सगळ्यांची बेरीज घ्या, तिला एकूण पटाने भागा. एक्सेलमध्ये समप्रॉडक्ट (SUMPRODUCT) या सूत्राला पटाचा तोच स्तंभ दोनदा द्यायचा आणि उत्तराला पटाच्या बेरजेने भागायचं. दोन सरासऱ्यांमधला फरक नेहमी प्रसरण (प्रत्येक तुकडीचं सरासरीपासूनचं अंतर त्याच अंतराने गुणून काढलेली सरासरी) भागिले साधी सरासरी एवढाच असतो. म्हणजे तुकड्या एकसारख्या असतील तर फरक शून्य, आणि लहान-मोठ्यांची दरी वाढली की फरक वाढतो. तुमच्याकडे हीच दरी वाढत असणार. साधी सरासरी उतरतेय आणि मुलांच्या बाजूची तिथेच थांबलीय किंवा चढतेय, असं दिसलं तर तक्रार खरी समजा.

शून्य पटाच्या तुकड्या आधी काढून टाका. मंजूर आहे पण भरलेली नाही अशी तुकडी कोष्टकात राहून गेली, तर साधी सरासरी फुकट खाली येते.

तासिका४५

पट भागिले शिक्षक हा वर्गाचा आकार नव्हेच. ते विद्यार्थी-शिक्षक प्रमाण. दोन्ही आकडे एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

दोघांना जोडणारं सूत्र साधं आहे. तुकडीला आठवड्याला ४५ तासिका आणि एक शिक्षक घेतो ३६, म्हणजे दर तुकडीमागे सव्वा शिक्षक. प्रमाण २४ असेल तर वर्ग २४ गुणिले ४५ भागिले ३६, म्हणजे ३० चा. शिक्षक तेवढेच ठेवून प्रत्येकाच्या तासिका कमी केल्या तर प्रमाण हलत नाही, वर्ग मात्र मोठा होतो. मुख्याध्यापक, कला-क्रीडा शिक्षक, विशेष शिक्षक, दीर्घ रजेवरचे, दुसऱ्या कामाला नेमलेले हे सगळे भाजकात मोजले जातात, पण त्यांच्या नावावर तुकडी नसते. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांत प्राथमिक वर्गाची सरासरी २१ च्या आसपास असते आणि विद्यार्थी-शिक्षक प्रमाण १४-१५. एवढं अंतर नेहमीचं आहे, त्यात लपवाछपवी नाही.

लहान शाळेत हेच उलटं होतं. आपल्याकडच्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. ६० मुलं, पाच इयत्ता, दोन शिक्षक. कोष्टकात पाच तुकड्या लिहिल्या की सरासरी १२. प्रत्यक्षात पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी ते पाचवी दुसरीत, एकेका शिक्षकासमोर ३० च्या आसपास मुलं आणि फळ्याचे दोन-तीन भाग केलेले. या १२ ला अर्थ नाही. जिथे शिक्षक इयत्तांपेक्षा कमी, तिथे तुकड्यांच्या जागी शिक्षकांची संख्या भाजक धरा आणि त्या शाळा वेगळ्या रंगात ठेवा.

पायरी

दुसरा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पट घटल्यावर वर्ग मोठा होऊ शकतो. नुसता होऊ शकतो असं नाही, तुकडीला कमाल मर्यादा ठरवली की तो होणारच, कारण मुलं एकेकाने कमी होतात आणि तुकडी अख्खी जाते.

मर्यादा ४० धरा. इयत्तेत ४० मुलं असली तर एक तुकडी, ४० ची. ४१ झाली की दोन, एक २० ची, एक २१ ची. ८० ला दोन चाळीसच्या, ८१ ला तीन सत्तावीसच्या. आलेख काढलात तर करवतीचे दाते दिसतील: हळूहळू चढ, मग कडेलोट, पुन्हा चढ. पट वाढत असताना आपण हा आलेख डावीकडून उजवीकडे चालतो आणि कड्यावरून खाली येतो. पट घटत असताना उजवीकडून डावीकडे, म्हणजे तोच कडा चढून.

तीन शाळा, पहिलीचा पट ४५, ४३, ४२. एकूण १३०, तुकड्या सहा, सरासरी २१.७. काही वर्षांनी ४०, ३९, ३८. एकूण ११७, तुकड्या तीन, सरासरी ३९. पट दहा टक्क्यांनी उतरला आणि वर्ग ८० टक्क्यांनी फुगला. या शाळांमधल्या पालकांना ‘मुलं कमी होतायत’ असं सांगून बघा.

मग तुमची एकूण सरासरी तरीही का उतरतेय? कारण दुसऱ्या टोकाला इयत्तेत नऊ-दहा मुलं असलेल्या शाळा आहेत. तिथे तुकडी एकच असते, तिच्याखाली जाता येत नाही. दहाची नऊ, नवाची सात झाली तरी तुकडी एक. या शाळांची संख्या वाढली की सरासरी खाली ओढली जाते, आणि मधल्या शाळा त्याच काळात एक तुकडी गमावून मर्यादेला टेकतात. सहा वर्षांचा तुकडीवार पट आहे ना? पाच-पाचच्या गटांत विभागून वारंवारतेचा आलेख काढा. दोन उंचवटे दिसतील, एक दहाच्या आसपास आणि एक मर्यादेच्या जरा अलीकडे. तुमची तिशीच्या खालची सरासरी त्या दोघांमधल्या दरीत पडते, जिथे फारशी तुकडीच नाही.

हा पायऱ्यांचा नियम जुना आहे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने लिहून ठेवलंय की २५ मुलांना एक गुरू, २५ च्या वर ४० पर्यंत त्याला मदतनीस, आणि ४० च्या वर दोन गुरू. इस्रायलच्या शाळांनी ४० ची मर्यादा चालवली आणि अँग्रिस्ट आणि लेव्ही या अर्थतज्ज्ञांनी १९९९ मध्ये याच कडेलोटाचा उपयोग करून लहान वर्गाचा परिणाम मोजला. ४० आणि ४१ पटाच्या शाळा एरवी सारख्याच, वर्ग मात्र निम्मा, अशी त्यामागची कल्पना. पुढे २०१९ मध्ये नवे आकडे घेऊन त्यांनीच पुन्हा तपासलं तेव्हा परिणाम दिसला नाही. वर हेही दिसलं की मर्यादेच्या आसपास पटच सरकवलेला होता.

तुमच्या आकड्यांतही हे तपासा. अनुसूचीप्रमाणे ६० ला दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. मग ५६ ते ६० पटाच्या शाळा किती आणि ६१ ते ६५ च्या किती, हे मोजा. पट आपसूक पडत असेल तर दोन्ही संख्या जवळपास असतात. ६१-६५ ला एकदम गर्दी आणि ५६-६० ओस दिसलं, तर काही नावं फक्त कागदावर आहेत असं समजायला हरकत नाही. अशा शाळांतला खरा वर्ग कोष्टकातल्यापेक्षा लहान असतो.

एक जाता जाता. ‘कायद्याने तीसला एक शिक्षक’ हे सरसकट वाक्य अनुसूचीशी जुळत नाही. १२१ ते २०० ला पाच शिक्षक म्हणजे २०० पटाला चाळीसास एक. १५० च्या वर मुख्याध्यापक जादा मिळतो, पण तो तुकडीवर असेलच असं नाही.

कोष्टकवाला

दोन उंचवटे खरंच आहेत, आत्ताच काढून पाहिलं. आता अडचण अशी की पहिल्या नऊ वर्षांचा तुकडीवार पट नाही. मुलांच्या बाजूची सरासरी त्या वर्षांसाठी काढायची कशी?

सरासरीमोड

इयत्तावार पट आणि इयत्तेच्या तुकड्या आहेत, तेवढ्यावर काम होतं. शाळेतल्या एका इयत्तेचा पट तिच्या तुकड्यांत समान वाटलाय असं धरा. ७५ मुलं, दोन तुकड्या, तर ३७ आणि ३८. एका इयत्तेतल्या तुकड्या सहसा जवळपास सारख्याच असतात. मोठा फरक असतो तो शाळाशाळांत, आणि तो तुमच्याकडे आहेच.

आधी शेवटच्या सहा वर्षांवर दोन्ही रीती चालवून बघा. अंदाजी आकडा नेहमी खऱ्याइतका किंवा थोडा कमी येईल, जास्त कधीच नाही. फरक अर्ध्या-एक मुलाचा असेल तर निर्धास्त मागे जा. फरक मोठा आला तर एकाच इयत्तेत दोन माध्यमं किंवा दोन सत्रं असलेल्या शाळा शोधा. तिथे ‘अ’ मध्ये ५० आणि ‘ब’ मध्ये १८ असं सर्रास असतं. माध्यम वेगळं केलं की प्रश्न सुटतो.

जुना_हजेरीपट

आकडेमोडीच्या आधी मालिका सलग आहे का ते बघा. पंधरा वर्षांत पट मोजायची पद्धत एकदाही बदलली नाही असं क्वचितच घडतं.

मोजणीची तारीख हे पहिलं. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्याचा पट आणि ३० सप्टेंबरचा पट यांत फरक असतो. जूनमध्ये दाखला नेलेल्या मुलाचं नाव जुन्या शाळेत कमी व्हायचं राहिलेलं असतं आणि नव्या शाळेत चढलेलं असतं. सप्टेंबरपर्यंत अशी दुबार नावं गळतात. एक वर्ष जूनचं आणि पुढचं सप्टेंबरचं घेतलंत, तर नसलेली घट दिसेल.

दुसरं, शाळावार बेरजेऐवजी मुलागणिक नोंद सुरू झाली का. भारतात यूडायस प्लस या सरकारी शाळा-माहिती प्रणालीने २०२२-२३ पासून एकेका मुलाची नोंद घ्यायला सुरुवात केली. देशभरचा पट २०२१-२२ च्या साडेसव्वीस कोटींवरून २०२३-२४ ला २४.८ कोटींवर आला. यात खरी घट किती आणि दुबार नावं गेल्यामुळे किती, हे नुसत्या बेरजेवरून वेगळं काढता येत नाही. तिथे आलेख तोडा. दोन तुकडे वेगवेगळे काढा आणि मधे उभी तुटक रेषा द्या. रेषा जोडून ‘मोठी घसरण’ असा मथळा देणं ही चूकच.

तिसरं, पहिलीच्या प्रवेशाची वयाची कटतारीख. ती एका वर्षी तीन महिने अलीकडे आणली तर त्या वर्षी नऊच महिन्यांची मुलं पात्र ठरतात, म्हणजे पहिली पाऊण भरते. तीन महिने पुढे ढकलली तर पंधरा महिन्यांची मुलं येतात, पहिली सव्वापट. याचा जन्मदराशी काही संबंध नसतो. हा खड्डा किंवा फुगवटा पुढच्या वर्षी दुसरीत, मग तिसरीत, असा पाच वर्षं सरकत राहतो.

आणि कुणी स्थूल नोंदणी गुणोत्तर दिलं तर ते १०० च्या वर गेलं म्हणून दचकू नका. त्यात वय न बघता सगळी मुलं अंशात घेतात, छेदात मात्र ठरावीक वयाचीच. युगांडाने १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षणाची फी काढली तेव्हा पट वर्षभरात सुमारे तीस लाखांवरून पन्नास लाखांच्या पुढे गेला. त्यात शाळेचं वय उलटलेली मुलं मोठ्या संख्येने होती आणि खालच्या इयत्ता तुडुंब भरल्या. अशा वेळी सगळ्या इयत्तांची मिळून सरासरी काढणं निरर्थक. पहिलीची वेगळी, पाचवीची वेगळी.

रांगेतला_तिसरा

तिसरा प्रश्न, अंदाजाचा.

एकूण पटावर कलरेषा टाकली की पाच वेगवेगळ्या वर्षी जन्मलेली मुलं एका आकड्यात कालवली जातात. जपानचं १९६६ साल घ्या. ‘अग्नी-अश्व’ वर्षात जन्मलेली मुलगी अशुभ या समजुतीमुळे जन्म १९६५ च्या सुमारे १८.२ लाखांवरून १३.६ लाखांवर आले आणि १९६७ ला उडी मारून १९.४ लाख झाले. तिथे सहा इयत्तांची प्राथमिक शाळा. त्या वर्षीची ही थोडी मुलं १९७३ च्या एप्रिलमध्ये पहिलीत आली. एकूण पट बघणाऱ्याला सहा वर्षं एक उथळ खळगा दिसतो. शाळेला दिसतं ते असं, की दरवर्षी एकच इयत्ता रिकामी आहे आणि ती वर सरकतेय. पहिल्या वर्षीच ‘घट सुरू झाली’ म्हणून खोल्या कमी केल्या असत्या, तर पुढच्या वर्षी ती चूक अंगाशी आली असती.

म्हणून इयत्तेची रांग धरून चाला. यंदाची दुसरी भागिले गेल्या वर्षीची पहिली, हे पुढे सरकण्याचं गुणोत्तर. १२० ची ११४ झाली तर ०.९५. प्रत्येक इयत्तेसाठी शेवटच्या तीन-चार वर्षांची सरासरी घ्या. २०२० आणि २०२१ ची गुणोत्तरं वेगळी काढून बघा, फार निराळी दिसली तर सोडून द्या. गुणोत्तर १ च्या वर गेलं की बाहेरून मुलं येतायत किंवा वरच्या इयत्तेत मुलं मागे ठेवली जातायत. दोन्हीचा अर्थ वेगळा, म्हणून नापासांचा आकडा शेजारी ठेवा.

पहिलीसाठी सहा वर्षांपूर्वीचे जन्म घ्या आणि पहिलीचा पट भागिले ते जन्म असं गुणोत्तर काढा. मोठ्या इस्पितळांच्या गावात जन्मनोंदी फुगलेल्या असतात, कारण बाळंतपण तिथे आणि घर दुसरीकडे. तिथे आईच्या पत्त्यानुसार नोंद मागा. पाच वर्षांच्या अंदाजाला लागणारी मुलं जन्मलेली आहेत, त्यामुळे जन्मदराचा अंदाज करायची गरजच नाही. सहाव्या वर्षानंतर ती लागते, आणि तिथून पुढचा आकडा मी तरी कुणाला देणार नाही.

आता ‘पायरी’ यांचा मुद्दा इथे येतो. तुकड्या शाळा-शाळेला, इयत्ता-इयत्तेला वर पूर्णांक करून (अपूर्णांक आला की पुढचा पूर्ण आकडा धरून) काढा, मग बेरीज. तीन शाळांत ४१-४१-४१ असतील तर १२३ भागिले ४० म्हणून चार तुकड्या निघतात. प्रत्यक्षात लागतात सहा. एकूण पटावरून शिक्षक ठरवला की कमी पडतो तो इथे. आणि ३८ ते ४३ मधल्या इयत्तांची वेगळी यादी करा. तिथे दोन-चार मुलांच्या फरकाने तुकडी जाते किंवा येते, त्यामुळे एकच अंदाज न देता ‘एक किंवा दोन’ असंच लिहा.

चौकशीखोर

मधेच विचारतो. २८ काय आणि ३३ काय, मुलांच्या शिकण्यात खरंच फरक पडतो?

तासिका४५

ज्या प्रयोगाचा दाखला सगळे देतात तो अमेरिकेतला टेनेसीचा स्टार प्रकल्प, १९८५ ते १९८९. त्यात १३ ते १७ मुलांचे वर्ग आणि २२ ते २५ चे वर्ग यांची तुलना होती, मुलं आणि शिक्षक चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिलेले. लहान वर्गाला फायदा दिसला. पण तो पंधराचा वर्ग होता. ३३ वरून २८ ला काय होईल याचं उत्तर त्यात नाही, तरी त्याकडेच बोट दाखवलं जातं.

उलट कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये पहिल्या काही इयत्ता २० पर्यंत आणायला पैसे दिले तेव्हा एकदम हजारो शिक्षक लागले. पात्रता पूर्ण नसलेले घ्यावे लागले, आणि २० चा आकडा जुळवायला काही ठिकाणी दोन इयत्ता एकत्र बसवल्या. जपानने हीच गोष्ट सावकाश केली: १९५८ च्या कायद्यात ५०, मग ४५, १९८० पासून टप्प्याटप्प्याने ४०, २०११ ला फक्त पहिलीसाठी ३५, आणि २०२१ च्या दुरुस्तीने बाकीच्या प्राथमिक इयत्ताही वर्षाला एक अशा ३५ वर.

कोष्टकवाला

मर्यादा बदलली ते वर्षही मग आलेखावर दाखवायला हवं.

पायरी

हो, पण फक्त त्या इयत्तेच्या आलेखावर. मर्यादा ४० ची ३५ केली की कडे ४१ ऐवजी ३६ ला येतात. ३६ ते ४० पटाच्या इयत्ता एका रात्रीत दुभंगतात, ३५ च्या खालच्यांना काहीच होत नाही, आणि ७१ ते ८० वाल्यांना दोनाच्या तीन तुकड्या मिळतात. तुमच्या कोष्टकात एक स्तंभ वाढवा: ‘लागू मर्यादा’, शाळा-वर्ष-इयत्तेनुसार. त्याच्या शेजारी पट भागिले मर्यादा वर पूर्णांक करून आलेल्या तुकड्या, आणि त्याच्या शेजारी प्रत्यक्ष तुकड्या. प्रत्यक्ष कमी असेल त्या ओळी लाल करा. दाटीची तक्रार करणाऱ्या शाळा त्या ओळींत सापडतात का ते आधी बघा. ज्या सापडणार नाहीत, त्यांच्या खोल्यांची मापं मागवा.